करीची उरलेली वर्षं आणि मार्कनेन: वॉरियर्सने किती मोजावं?

फ्रीमाँटकर (१५ जुलै २०२४)

एनबीएमधला (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) आपला गोल्डन स्टेट वॉरियर्स संघ सोडून क्ले थॉम्पसन डॅलसला गेला. ते पचायला मला बराच वेळ लागणार आहे, पण संघाकडे तेवढा वेळ नाही. यूटा जॅझ त्यांच्या फॉरवर्ड लॉरी मार्कनेनसाठी बोली ऐकून घेत आहेत आणि रांगेत वॉरियर्स सगळ्यांत पुढे आहेत, अशा बातम्या रोज येतायत. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. आणा त्याला. कुमिंगा द्या, मूडी द्या, नियमात बसतील तेवढे पहिल्या फेरीचे पिक (ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याचे हक्क) द्या. आणि जॅझचे व्यवहार पाहणारा डॅनी एंज आपल्या तरुण गार्डवर, पोडझिमस्कीवरच, अडून बसला, तर तोही द्या.

१६ एप्रिलचा सॅक्रामेंटो किंग्सविरुद्धचा प्ले-इन (प्लेऑफमधल्या शेवटच्या जागांसाठीचा सामना) आठवा. ११८-९४ने हरलो. कीगन मरेने एकट्याने ८ थ्री (तीन गुणांचे लांबचे शॉट) मारले, क्लेचे १० पैकी १० शॉट चुकले. पण तो सामना म्हणजे फक्त क्लेची वाईट रात्र नव्हती. वर्षभर हेच चाललं होतं. आपल्या स्टेफ करीवर दोन माणसं धावून जातात, तो बरोबर पास देतो, आणि पास मिळालेला आपला फॉरवर्ड शॉट घ्यायला कचरतो. ड्रेमंडच्या जोडीला लूनी किंवा जॅक्सन-डेव्हिस उतरला की रिंगखाली पाय ठेवायला जागा उरत नाही. ४६ सामने जिंकूनही पश्चिम विभागात दहावा नंबर.

मार्कनेन ७ फुटी आहे. २०२२-२३ मध्ये सरासरी २५.६ गुण आणि ८.६ रीबाउंड. त्याच मोसमात त्याने १०० डंक आणि २०० थ्री असा जोड विक्रम केला, जो त्याआधी कुणालाच जमला नव्हता. मुख्य म्हणजे त्याला बॉल हातात धरून बसावं लागत नाही. स्क्रीनवरून (साथीदार बचावपटूला अडवून वाट करून देतो तिथून) धावत येतो, कॅच करतो, शॉट टाकतो. करीच्या बाजूला यापेक्षा योग्य उंच माणूस आज लीगमध्ये मला तरी दिसत नाही.

करी ३६ वर्षांचा आहे, करार २०२६च्या उन्हाळ्यापर्यंत. तुम्ही काय द्याल, काय नाही, ते सांगा.

सकाळचा_सामना

पुण्याहून हजेरी. आमच्याकडे तुमचे रात्रीचे सामने सकाळी साडेसात-साडेआठला लागतात. प्ले-इन बघून ऑफिसला गेलो होतो. त्या दिवशी कुणी काही विचारलं तरी उत्तर द्यायची इच्छा नव्हती.

कुमिंगा आणि पिक देईन. पोडझिमस्की नाही.

कॅप_शीट

आधी हिशेब, मग भावना.

मार्कनेनचा या वर्षीचा पगार साधारण १८ दशलक्ष डॉलर. ऑल-स्टारसाठी हा आकडा लहान आहे, म्हणून ट्रेडमध्ये दोन्ही बाजूंचे पगार जुळवणं अवघड नाही. कुमिंगा ७.६, लूनी ८, मूडी ५.८. झाले की पूर्ण. काइल अँडरसनला साइन-अँड-ट्रेडने (जुन्या संघाने करार करून लगेच ट्रेड करणं) घेतल्यामुळे यंदा पहिल्या एप्रनची, म्हणजे संघाच्या एकूण पगारावर १७८.१ दशलक्ष डॉलरची, कडक मर्यादा आपल्यावर आहे. तरीही सौदा बसवता येतो.

खरी मेख पुढे आहे. मार्कनेनच्या कराराचं हे शेवटचं वर्ष. ६ ऑगस्टपासून जॅझ त्याचा चालू करार वाढवून देऊ शकतात आणि पुढची वर्षंही जोडू शकतात, कारण त्यांच्याकडे कॅपमध्ये (लीगने ठरवलेल्या पगारमर्यादेत) जागा आहे. वॉरियर्सकडे ती जागा नाही. म्हणजे इथे आला तर त्याला मोठ्या पैशासाठी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागेल. एकदा का त्याने तिथे तसा करार केला, की सहा महिने त्याचा ट्रेड होऊ शकत नाही. ६ ऑगस्ट ही तारीख लिहून ठेवा.

मानसी_सनीवेल

फ्रीमाँटकर, तुमची कळकळ समजते. क्ले गेल्यापासून आमच्या घरीही तेच वातावरण आहे. पण पोडझिमस्कीबद्दल इतक्या सहज कसं लिहिता? १९व्या पिकने आलेला मुलगा पहिल्याच वर्षी ऑल-रूकी फर्स्ट टीममध्ये (वर्षातल्या पाच सर्वोत्तम नवोदितांत) आला. गार्ड असून रीबाउंडला बिग्जमध्ये (उंच खेळाडूंत) घुसतो, चार्ज घेतो, पास योग्य वेळी सोडतो. कोच स्टीव्ह करच्या पद्धतीत खेळायला काहींना तीन-तीन वर्षं लागली, याला तीन महिने पुरले. असा खेळाडू पुन्हा सापडायला किती ड्राफ्ट जातील?

नागपाडा_बॉय

मार्कनेन डिफेन्समध्ये रिंग राखणारा नाही, हे कुणीच का बोलत नाही? ७ फूट म्हणून सेंटर समजू नका. क्लीव्हलंडमध्ये जॅरेट अ‍ॅलन आणि इव्हन मोबली मागे होते म्हणून तो चक्क स्मॉल फॉरवर्ड खेळला. आपल्याकडे मागे कोण? ३४ वर्षांचा, साडेसहा फुटी ड्रेमंड. समोर इतर संघांचे उंच खेळाडू: योकिच, वेम्बन्यामा, गोबेअर आणि टाउन्सची जोडी. ओक्लाहोमाने तर होल्मग्रेनच्या जोडीला हार्टेनस्टाइनही घेतला.

यूटाकडूनच कुणी आणायचा असेल तर वॉकर केसलर आणा. सामन्याला दोनहून जास्त ब्लॉक आहेत त्याचे, आणि किंमत निम्मीसुद्धा नसेल.

फ्रीमाँटकर

@नागपाडा_बॉय, केसलर डिफेन्ससाठी उत्तम, मान्य. पण तो आणि ड्रेमंड एकत्र उभे राहिले की दोघेही बाहेरून शूट न करणारे. करीच्या अंगावर तिसरा माणूस येईल. आपली अडचण स्पेसिंगची, म्हणजे कोर्टवर मोकळी जागा करण्याची, आहे.

@मानसीताई, मुलगा चांगला आहेच. चांगला नसता तर एंजने मागितला असता का?

जुना_ओकलंडकर

मंडळी, मी ओरॅकल अरीनाच्या (आपल्या जुन्या ओकलंडच्या मैदानाच्या) काळापासूनचा. तेव्हाच्या दोन गोष्टी सांगतो, कारण दोन्ही फ्रंटकोर्टच्या (उंच खेळाडूंच्या) ट्रेडच्याच आहेत आणि तरुण मंडळींना त्या नुसत्या ऐकून माहीत असतील.

पहिली मार्च २०१२ची. मॉन्टा एलिस हा तेव्हा या गावाचा जीव होता. संघ हरायचा, पण मॉन्टासाठी लोक यायचे. १३ मार्चला त्याला मिलवॉकीला दिला आणि बदल्यात घेतला अँड्र्यू बोगट, तोही पायाचा घोटा मोडलेला. त्या मोसमात खेळणारही नव्हता. ज्याला ठेवला त्या करीचे घोटेसुद्धा सारखे दुखावत होते, वर्षभरात २६ सामने खेळला तो. लोकांना वाटलं, चुकीचा गार्ड विकला. १९ मार्चला ख्रिस मलिनची जर्सी वर चढवण्याचा सोहळा होता. मालक जो लेकब माइकवर आला आणि अख्ख्या अरीनाने त्याची हुर्यो उडवली. थांबेचनात लोक. शेवटी मलिनला पुढे येऊन प्रेक्षकांची समजूत काढावी लागली.

मग काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. बोगटमुळे डिफेन्सला कणा मिळाला, त्याच्या स्क्रीनवर करी आणि क्ले मोकळे होऊ लागले, आणि २०१५ला ४० वर्षांनी विजेतेपद आलं. ट्रेडच्या दिवशीच्या आरडाओरड्यावर निर्णय मोजायचा नसतो, हे मी तेव्हापासून धरून आहे.

दुसरी २०१४ची. ती संध्याकाळी लिहितो.

सकाळचा_सामना

काका, लवकर लिहा.

डबल_ड्रिबल

बोगटची गोष्ट पूर्ण सांगायची तर हेही सांगा की २०१५च्या फायनलमध्ये चौथ्या सामन्यापासून त्यालाच बाहेर बसवून इगुडालाला सुरुवातीला उतरवलं, आणि तिथून मालिका फिरली. उंची काढून घेतल्यावर जिंकलो आपण.

जुना_ओकलंडकर

@डबल_ड्रिबल, बरोबर. पण त्या फायनलपर्यंत पोचवणाऱ्या ६७ विजयांत बोगट होता. दोन्ही खरं आहे.

आता २०१४. मिनेसोटाचा केव्हिन लव्ह बाजारात होता. २६.१ गुण, १२.५ रीबाउंड, बाहेरून शूट करणारा बिग. आज मार्कनेनबद्दल जे जे बोललं जातंय ते सगळं तेव्हा लव्हबद्दल बोललं जात होतं. मिनेसोटाला हवा होता क्ले. इथले निम्मे लोक म्हणत होते देऊन टाका, क्ले फक्त शूटर आहे. नुकताच वारलेला जेरी वेस्ट तेव्हा संघाचा सल्लागार होता. त्याने कडाडून विरोध केला. करचाही कल नाही म्हणण्याकडेच होता. सौदा झाला नाही. लव्ह क्लीव्हलंडला गेला आणि पुढच्याच वर्षी आपण क्लीव्हलंडला हरवून जिंकलो, क्लेला घेऊन.

लव्हच्या बदल्यात मिनेसोटाला कोण मिळाला? अँड्र्यू विगिन्स. आज तो आपल्याकडेच आहे. फिरून फिरून माणसं कुठे येतात बघा.

म्हणून माझं मत: पिक द्या, कुमिंगा द्या. ज्याला खेळ समजतो तो तरुण गार्ड देऊ नका.

मानसी_सनीवेल

काका, अगदी माझ्या मनातलं.

फ्रीमाँटकर

काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितोय. २०१४ची तुलना मला पटत नाही, आणि कारण एकच आहे. तेव्हा करी २६ वर्षांचा होता. क्ले वाढेपर्यंत, ड्रेमंड उभा राहीपर्यंत थांबता येत होतं. करी त्यांच्याबरोबर वाढणार होता. आज पोडझिमस्की पाच वर्षांनी ऑल-स्टार झाला, तर त्याला पास देणारा कोण असेल?

थांबण्याचा प्रयोग आपण करून पाहिलाय. २०२०ला दुसऱ्या पिकवर वाइझमन, २०२१ला सातव्यावर कुमिंगा, चौदाव्यावर मूडी. एका बाजूला करीचा संघ जिंकणार, दुसऱ्या बाजूला पुढचा संघ तयार होणार, अशी आखणी होती. वाइझमन अडीच वर्षांत डेट्रॉइटला गेला. २०२२चं विजेतेपद जुन्या तिघांनी (करी, क्ले, ड्रेमंड), विगिन्सने, पूलने आणि लूनीने आणलं. त्या तीन पिकांच्या बदल्यात तेव्हाच एखादा तयार फॉरवर्ड आणला असता तर २०२३ला लेकर्सच्या अँथनी डेव्हिससमोर आपण इतके हतबल दिसलो नसतो. सॅक्रामेंटोविरुद्ध सातव्या सामन्यात करीने ५० गुण केले आणि लूनीने २१ रीबाउंड घेतले. तेवढं करून फक्त एक फेरी पुढे.

लव्हचंच म्हणाल तर २०१६च्या सातव्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला थ्री लाइनवर करीला अडवणारा तोच होता. त्या वर्षीच्या विजेतेपदाची अंगठी क्लीव्हलंडकडे आहे.

तिसरी_फेरी

लेकर्सने २०१९ला डेव्हिससाठी बॉल, इन्ग्रम, हार्ट आणि पिकांची रास दिली. लोक म्हणाले, लुटले गेले. २०२०ला ट्रॉफी. मी फ्रीमाँटकरांच्या बाजूने.

कॅप_शीट

@तिसरी_फेरी, डेव्हिस आणि मार्कनेन एका पातळीवर नाहीत. डेव्हिस दोन्ही टोकांना, आक्रमणात आणि बचावातही, खेळतो. मार्कनेन एकदाच ऑल-स्टार झालाय आणि गेल्या मोसमात ५५ सामने खेळला.

दुसरं, समोर बसलाय डॅनी एंज. २०१३ला बोस्टनमध्ये असताना याच माणसाने पिअर्स आणि गार्नेट ब्रुकलिनला दिले आणि त्या पिकांमधून पुढे जेलन ब्राउन आणि टेटम उभे केले. २०२२ला यूटात गोबेअरसाठी मिनेसोटाकडून पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीचे चार पिक घेतले. मिचेलसाठी क्लीव्हलंडकडून तीन पिक, दोन स्वॉप (पिक अदलाबदलीचे हक्क) आणि खुद्द मार्कनेन. एंजबरोबर बाजाराला गेलात तर पिशवी त्याची भरते आणि खिसा तुमचा रिकामा होतो. शिवाय गेल्याच महिन्यात न्यू यॉर्कने मिकाल ब्रिजेससाठी पहिल्या फेरीचे पाच पिक दिले. एंज म्हणणार, ब्रिजेस कधी ऑल-स्टार नव्हता, माझा आहे. भाव तिथून सुरू.

सॉल्टलेक_विद्यार्थी

मी इथे यूटात शिकतो, जॅझचे सामने डेल्टा सेंटरला जाऊन बघतो. आमच्या बाजूनेही कुणी बोलायला हवं.

गोबेअर गेला, मिचेल गेला, मग कॉन्ली, मग यंदा फेब्रुवारीत ओलिनिक आणि अगबाजी. दर वेळी पिक येतात आणि दर वेळी इथल्या लोकांना सांगितलं जातं, थांबा. गेल्या मोसमात ३१ विजय. एवढ्या सगळ्यात मार्कनेन हा एकच माणूस आहे ज्याच्यासाठी तिकीट काढावंसं वाटतं. शिकागोने त्याला कोपऱ्यात उभा राहणारा शूटर समजून सोडून दिला होता. इथे आल्यावर तो मोस्ट इम्प्रूव्ह्ड प्लेअर झाला. त्या मोसमानंतर फिनलंडला जाऊन सक्तीची लष्करी सेवा करून आला, आणि परत येऊन पुन्हा २३ गुणांची सरासरी. माणूस विलक्षण सरळ आहे.

तुम्ही चार वेळा जिंकलात दहा वर्षांत. आमच्याकडे एकही ट्रॉफी नाही. आमचा एकमेव खेळाडू घेऊन जाताना पोडझिमस्कीसुद्धा जड वाटत असेल, तर नका घेऊ.

मानसी_सनीवेल

@सॉल्टलेक_विद्यार्थी, हे वाचून खरंच वाईट वाटलं. ही बाजू आपल्या बोलण्यात येतच नाही.

सकाळचा_सामना

थोडं विषयांतर. आपण बडी हील्डला घेतलं त्याचा मला वेगळाच आनंद आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्स आणि पेसर्स खेळले, तेव्हा मी त्याला प्रत्यक्ष शूट करताना पाहिलंय. पहिला सामना शाळेच्या मुलांसाठी होता, तो पेसर्सने ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा जिंकला. आम्ही मित्र दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला होतो. वॉर्म-अपला एकाच जागेवरून तो एकामागून एक थ्री टाकत होता आणि नेट हलण्यापलीकडे आवाज नाही.

नागपाडा_बॉय

मीपण होतो! त्या पेसर्समध्ये सबोनिस होता. आज तोच किंग्सचा बिग आहे आणि आपल्याला प्ले-इनमध्ये बाहेर काढणाऱ्यांतला एक. किंग्सने त्याच्यासाठी हॅलिबर्टन दिला. बिगसाठी तरुण गार्ड देण्याचं हे अगदी ताजं उदाहरण. आज इंडियाना पूर्वेच्या फायनलपर्यंत जाऊन आली, आणि किंग्स प्ले-इनमध्ये.

जुना_ओकलंडकर

आणि त्या किंग्सचे मालक विवेक रणदिवे, जन्माने मुंबईकर, किंग्स घेण्याआधी आपल्या वॉरियर्सचेच भागीदार होते. एलिस-बोगट ट्रेड झाला तेव्हाही.

हॅलिबर्टनचं उदाहरण मात्र चोख आहे. फ्रीमाँटकर, याला काय उत्तर?

फ्रीमाँटकर

उत्तर असं की सबोनिस आल्यावर किंग्स १६ मोसमांच्या खंडानंतर प्लेऑफमध्ये गेले. त्या शहराला विचारा, सौदा चुकला का. आणि पोडझिमस्की हॅलिबर्टन नाही. हॅलिबर्टन दुसऱ्या वर्षीच संघ चालवत होता.

डबल_ड्रिबल

एक मधला मार्ग. कुमिंगा, मूडी, दोन पिक, दोन स्वॉप. पोडझिमस्कीचं नाव आलं की उठून यायचं. कुमिंगा २१ वर्षांचा आहे, १६ गुणांची सरासरी आहे. यूटासाठी तो काही उरलासुरला माल नाही.

मानसी_सनीवेल

कुमिंगाबद्दल मला नेहमी वाटतं, त्याला इथे कधी सलग विश्वास मिळालाच नाही. गोमाहून लहान वयात एकटा अमेरिकेत आलेला मुलगा. एक चूक झाली की बेंच. दुसऱ्या गावात तो फुलेल आणि आपण बघत राहू.

तिसरी_फेरी

मूडीचंही तेच. मिळेल तेवढ्या मिनिटांत कधी तोंड वाकडं केलं नाही त्याने.

कॅप_शीट (८ ऑगस्ट)

धागा वर काढतो. मार्कनेनने जॅझबरोबर करार केला. पाच वर्षं, सुमारे २३ कोटी ८० लाख डॉलर. चालू वर्षाचा पगारही वाढवून दिलाय.

तारीख बघा. ६ ऑगस्टला सही करता येत होती, केली ७ ला. सहा महिन्यांची बंदी आता ट्रेडच्या अंतिम मुदतीच्या, ६ फेब्रुवारीच्या, पलीकडे जाते. एक दिवस थांबून त्याने या मोसमापुरतं यूटात राहणं पक्कं केलं.

सॉल्टलेक_विद्यार्थी

आज फार बरं वाटतंय. त्याला राहायचं होतं आणि तो राहिला. आमच्याकडे हे सहसा होत नाही.

मानसी_सनीवेल

अभिनंदन! आणि पोडझिमस्की आपल्याकडे राहिला. दोन्ही घरं खूश.

नागपाडा_बॉय

एक घर अर्धंच खूश. सेंटरचा प्रश्न आहे तिथेच आहे. हील्ड, मेल्टन, अँडरसन तिघेही कामाचे, पण योकिचला अडवायला कोण?

सकाळचा_सामना

योकिचवरून आठवलं, ऑलिम्पिकची अमेरिका-सर्बिया सेमीफायनल आपल्याकडे किती वाजता?

डबल_ड्रिबल

आज रात्री साडेबारा. सुट्टी टाकलीय.

फ्रीमाँटकर (९ ऑगस्ट)

बघितलीत? तीन क्वार्टरनंतर १३ गुणांनी मागे, समोर योकिच, आणि करीचे ३६ गुण, ९ थ्री. ९५-९१. शेजारी लब्रॉन, ड्युरांट, एम्बीड असल्यावर त्याच्यावर दोन माणसं पाठवता येत नाहीत, आणि मग काय होतं ते सगळ्या जगाने पाहिलं. कोच करच होता.

मी महिनाभर हेच सांगतोय. हा माणूस संपलेला नाही. त्याच्या बाजूला एक उंच, शूट करणारा फॉरवर्ड उभा करा. मार्कनेन नाही तर दुसरा कुणी. पण फेब्रुवारीपर्यंत करा.

जुना_ओकलंडकर

सामना पाहताना मीही उभाच होतो. फेब्रुवारीचं मान्य. तोवर कुमिंगाला सुरुवातीला उतरवून सलग मिनिटं द्या. फुलला तर ट्रेडची गरजच नाही, नाही फुलला तरी त्याचा भाव ठरेल. पोडझिमस्कीवर मात्र मी कालही नाही म्हणत होतो, आजही नाहीच.

फ्रीमाँटकर

काका, कुमिंगाचं पटलं. पोडझिमस्कीवर फेब्रुवारीत बोलू.